सी-व्ह्यू प्लॉट आणि रापणीची वाट

कोकणात जागा घ्यायची हे आमच्या घरी एका रविवारी दुपारी, आमरसाच्या दुसऱ्या वाटीनंतर ठरलं. त्या काळात आयटीतल्या माणसाची प्रगती तीन टप्प्यांत मोजत: ऑनसाइट, फ्लॅट आणि कोकणातला प्लॉट. पहिले दोन झाले होते. ऑनसाइट म्हणजे अमेरिकेतले आठ महिने आणि फ्लॅट म्हणजे बिबवेवाडीत तिसरा मजला, गॅलरीतून समोरच्यांची गॅलरी दिसते. समुद्र तेवढा बाकी होता.

एका वेबसाइटवर सिंधुदुर्गातल्या जागेचा फोटो सापडला. वीस गुंठे, समोर निळं पाणी, खाली 'क्लिअर टायटल'. एजंटला फोन केला. तो म्हणाला, साहेब, पुण्याचे अजून तिघं मागे आहेत. पुणेकराला एवढं पुरतं.

गाडीत आम्ही तिघं होतो. मी, बायको मीनल आणि बाबा. बाबा मूळचे भंडाऱ्याकडचे. खडकीच्या दारूगोळा कारखान्यात नोकरी करून निवृत्त झालेले, आणि वयाच्या चौसष्टाव्या वर्षापर्यंत समुद्र न पाहिलेले. प्लॉटवर छोटा बंगला बांधायचा आणि बाबांनी तिथे निसर्गाच्या सान्निध्यात राहायचं, अशी माझी योजना होती. त्यामुळे बंगल्याला फुकटात राखणदार मिळणार होता, हा योजनेचा दुसरा भाग मी कोणाला सांगितला नव्हता. मीनलला तो न सांगता कळला होता.

पहाटे पाचला निघालो. कात्रजचा बोगदा रिकामा मिळतो तो याच वेळेला. कोल्हापूरपर्यंत रस्ता उत्तम आहे, आणि तो उत्तम असल्याची पावती दर टोलनाक्यावर मिळते. कोल्हापुरात मिसळ खाल्ली. मीनलच्या डोळ्यांतून पाणी आलं. बाबा म्हणाले, चव बरी आहे, तिखट राहिलं. पुढे गगनबावड्याचा घाट. हा उजेडातच उतरावा, कारण वळणांवर समोरून येणारे ट्रक आपली बाजू सोडून बाकी सगळ्या बाजूंनी येतात. घाट संपला की हवा एकदम जड होते, माती लाल होते आणि मैलाचे दगड आपापसांत न जुळणारे आकडे सांगू लागतात. नऊ तास म्हणून निघालात तर अकरा धरा.

जागेचे मालक परब गुरुजी. प्राथमिक शाळेतून निवृत्त झाले होते आणि घराच्या दोन खोल्या पर्यटकांना देत. खोलीला पाचशे, माशाचं जेवण ऐंशी रुपये, सोलकढी मागाल तितकी. मी गरम पाण्याची, मोबाइलच्या रेंजची आणि इंटरनेटची चौकशी केली. गुरुजींनी तिन्ही प्रश्न शांतपणे ऐकून घेतले आणि पहिल्याचं उत्तर म्हणून चुलीवरचं तपेलं दाखवलं. दुसऱ्याचं उत्तर सड्यावर होतं. सडा म्हणजे गावाच्या डोक्यावरचं जांभ्या दगडाचं उघडं पठार. त्याच्या खाली आंब्या-काजूचा उतार, मग माडांची आगरं, मग वाळू, मग समुद्र. बँकेच्या फोनसाठी मी रोज त्या पठारावर चढत होतो आणि स्वतःला ट्रेकर समजत होतो.

दुसऱ्या दिवशी सकाळी एजंटाने जागा दाखवली. फोटोत होती त्याहून सुंदर होती. आगर संपून वाळू सुरू होते तिथेच, मधोमध पायांनी घासून गुळगुळीत झालेली एक वाट समुद्राकडे उतरत होती. ती मला फार आवडली. आपली खाजगी वाट, असं मी मीनलला म्हणालो. मग पावलांनी मापं घेत सुटलो: इकडे गेट, तिकडे गाडी, भोवती जांभ्याचा सहा फुटी गडगा, म्हणजे या भागातली दगडी भिंत. बाबा वाटेकडे बघत उभे होते. त्यांनी एजंटला विचारलं की इथून कोण येतं-जातं. एजंट म्हणाला, कोणी नाही साहेब, सातबाऱ्यावर वाटच नाही.

दुपारी गुरुजींनी सांगितलं की व्यवहाराआधी देवाला कौल लावावा लागेल. एजंटाचा चेहरा पडला. मला मात्र आनंद झाला, कारण ब्लॉगसाठी असं काहीतरी हवंच होतं. कौल म्हणजे देवाला विचारणं. गुरव पाषाणाच्या दोन्ही बाजूंना भिजवलेल्या कळ्या चिकटवतो. उजवी आधी पडली तर होकार, डावी पडली तर नकार. त्याआधी गाऱ्हाणं. गुरवाने हात जोडून खड्या आवाजात सुरुवात केली.

"बा देवा म्हाराजा, ह्यो पुण्याचो पावणो तुझ्या गावात जागा घेता हा, त्येका बरी बुद्धी दी म्हाराजा."

"व्हय म्हाराजा," जमलेले पाच-सहा जण म्हणाले. कॅमेरा सांभाळत मीही म्हणालो.

आमच्या ऑफिसात एका सहीसाठी तीन आठवडे लागतात. इथे वीस मिनिटांत उजवी कळी पडली. देवाचा होकार, तोही लेखी काही न मागता. दुसऱ्या दिवशी दहा वाजता विसार द्यायचं ठरलं.

सकाळी उठलो तर बाबा खोलीत नव्हते. शोधत किनाऱ्यावर गेलो. तिथे रापण चालू होती. होडीने समुद्रात मोठा अर्धगोल फिरून जाळं टाकलं होतं, त्याची दोन्ही टोकं किनाऱ्यावर आणली होती, आणि तीस-चाळीस माणसं दोन रांगांत ती ओढत होती. त्यात बाया होत्या, म्हातारे होते, आणि एका रांगेत पँट गुडघ्यापर्यंत दुमडलेले आमचे बाबा होते. भंडाऱ्याला गावतळ्यावर ते लहानपणी जाळं ओढायचे, हे ते शेजारच्याला सांगत होते तेव्हा मला कळलं. मी आयुष्यभर त्यांना फक्त सायकलवरून खडकीला जाताना पाहिलं होतं.

मीही दोर धरला. ऑफिसात आम्हाला संघभावना शिकवायला रिसॉर्टवर नेतात आणि डोळे बांधून एकमेकांच्या अंगावर पडायला लावतात. इथे कोणी काही शिकवत नव्हतं. पाय वाळूत रुतवायचे, मागे झुकायचं. दहाव्या मिनिटाला माझे तळहात सोलले. माझ्यापुढच्या बाईने वळून पाहिलं आणि काही न बोलता दोर कसा धरायचा ते दाखवलं.

जाळं वर आलं, त्यात बांगडे होते, थोडी सुरमई होती. मासळीचे वाटे पडू लागले. रापणीचे म्होरके जनूकाका, बाबांच्याच वयाचे. त्यांनी एक वाटा बाबांसमोर ठेवला, एक माझ्यासमोर. मी नको नको म्हणू लागलो.

"दोराक हात लायलात मां? मगे घेवक व्हयो," ते म्हणाले. ज्याने ओढलं त्याचा वाटा, पाहुणा असला तरी.

मग माणसांनी ओलं जाळं खांद्यांवर घेतलं आणि लांबलचक रांग चालू लागली. मी मागे गेलो. रांग सरळ माझ्या खाजगी वाटेवर चढली, माझ्या नियोजित गेटमधून गेली, गाडी उभी राहणार होती तिथून वळली आणि आगरामागच्या वाडीत शिरली. जनूकाका थांबले. आम्ही कोण ते त्यांना ठाऊक होतं. देवळात 'व्हय म्हाराजा' म्हणणाऱ्यांत तेही होते.

"जागा घेवा, आमचा काय नाय," ते बाबांना म्हणाले. "वाट रवतली मां?" वाट राहील ना, एवढंच.

बाबांनी माझ्याकडे पाहिलं. मी माशांकडे पाहिलं.

दहा वाजता गुरुजींच्या ओसरीवर सगळे बसलो. बाबांनी गुरुजींना विचारलं की कागदात वाट सोडल्याचं लिहून देता येईल का. गुरुजी खाली मान घालून म्हणाले की त्यांची काही हरकत नाही. एजंट म्हणाला, मग किंमत पडते, शिवाय बंगल्याच्या मधून मासेवाले, वास, साहेबांना कसं चालेल? सगळे माझ्याकडे बघू लागले. मी म्हणालो की कायद्याने जागा स्वच्छ आहे, शिवाय देवानेही कौल दिलाय.

"देवाला गडग्याचं सांगितलं होतंस?" बाबांनी विचारलं.

मी पेनाचं टोपण काढलं आणि परत लावलं.

"तू घे," बाबा म्हणाले. "मी इथे राहणार नाही. त्या माणसाने मला वाटा दिलाय."

मीनलने विसाराचा चेक ठेवलेली पर्स उचलली आणि गुरुजींच्या बायकोला मसाल्याचं प्रमाण विचारायला आत गेली. व्यवहार मोडल्याचं मला तेव्हाच कळलं.

परतीच्या प्रवासात कोल्हापूरपर्यंत मी फक्त गाडी चालवली. ज्यांना हे अंतर कापायचं आहे त्यांनी भांडून निघू नये, गाडीतल्या गाण्यांवरही एकमत होत नाही.

सोमवारी कँटीनमध्ये आमच्या प्रोजेक्ट मॅनेजरने फोटो पाहिले. जागा भारी आहे, सोडलीस का, असं त्याने विचारलं. मी म्हणालो, घरचे भावनिक आहेत. त्याने एजंटचा नंबर मागितला. मी दिला. खरं कारण लिहायचं तर बाबांवरच्या रागात दिला.

वर्षभराने त्याने मला त्याच्या बंगल्याचे फोटो मेल केले. भोवती सहा फुटी गडगा, मापं साधारण माझीच. गेटवर पाटी: खाजगी मालमत्ता, प्रवेश निषिद्ध, कुत्र्यापासून सावध. ही शेवटची ओळ पुण्याहून नेली असणार. त्याच आठवड्यात बाबांना गुरुजींचा फोन आला. रापणीची माणसं आता खाडीकडून वळसा घालून जाळं नेतात. म्हाताऱ्यांना जमत नाही, त्यामुळे रांग लहान झाली आहे.

जेवताना बाबांनी विचारलं, "नंबर कोणी दिला?"

"मी."

ते उठले नाहीत, ओरडले नाहीत, ताकभात संपवला. दुसऱ्या दिवशी स्वारगेटवरून एसटीने एकटेच गेले. दोन दिवसांनी परत आले. कशाला गेला होतात, असं मीनलने विचारलं.

"सांगून आलो. आपल्या घरातून झालं म्हणून."

"काय म्हणाले जनूकाका?"

"चहा दिला."

त्यानंतर बाबांनी तो विषय काढला नाही, मलाही काढता आला नाही. आमच्यात बोलणं आहे, पेपर, भाजी, पाणी कधी येणार, सगळं आहे. पण ते गावतळ्यावरचं अजून विचारायचं राहिलंय.

तर मंडळी, सिंधुदुर्गला जरूर जा. नोव्हेंबर ते फेब्रुवारी उत्तम. पाहुणचार मनापासून, मासे ताजे, दोर दिसला तर हात लावा. मात्र खाली प्रतिक्रियांमध्ये गावाचं नाव आणि एजंटचा नंबर विचारू नका. एकदा दिलाय.