केतकीची मोठी चाल

दुपारचं जेवण उरकून मालिनीबाई कॉटवर आडव्या होतात. डोळा अजून पुरता लागलेला नाही. पंख्याची घरघर ऐकू येते आहे, आणि सकाळी फोनवर झालेलं लेकीचं बोलणंही. घटस्फोटानंतर केतकी नोकरीसाठी नागपूरला गेली, त्याला दोन महिने झाले. “आई, मी एकदम मजेत आहे. तू मुळीच येऊ नकोस.”

पंख्याची घरघर हळूहळू मालगाडीची होते.

पायथ्याशी मामंजी पत्ते पिसत बसलेत. मालिनीबाईंचे सासरे, रेल्वेतले गार्ड. जाऊन सहा वर्षं झाली. नव्या सुनेला तीन पत्ती त्यांनीच शिकवली होती, भाजलेल्या शेंगदाण्यांवर. जिंकलेले दाणे ते डाव संपायच्या आत खाऊन टाकत.

“बस, सूनबाई.”

“मामंजी, तुम्ही गेलात ना?”

“गेलो की. म्हणून काय डाव मोडायचा?”

त्या बसतात ती सतरंजी दौंडच्या फलाटावर अंथरलेली आहे. शेजारी त्यांचं स्वयंपाकघरातलं कपाट उभं आहे. लोक त्याला वळसा घालून जातात. समोर केतकी, पत्ते छातीशी धरून. ती मूठभर दाणे पुढे सारते. लगेच आणखी मूठभर.

मालिनीबाईंच्या हातात दोन अठ्ठ्या आणि एक राजा. “मी पॅक,” त्या पत्ते खाली ठेवू लागतात. “एवढी मोठी चाल लावतेय, तिच्याकडे तिन्ही पानं सारखी असणार.”

“थांब. तशी असती तर काय केलं असतं तिनं?”

“एकेक दाणा टाकला असता. मी उठून जाऊ नये म्हणून.”

“आणि आता?”

“आता मी उठावं असं वाटतंय तिला.” मालिनीबाईंचा आवाज खाली येतो. “सकाळीही विचारायच्या आधीच सांगत सुटली. डबा चांगला, मैत्रिणी चांगल्या, साहेब चांगले.”

आता ते तिघं गार्डाच्या डब्यात आहेत. बाहेर उसाचे फड मागे पळताहेत. केतकी सात वर्षांची झाली आहे. पत्ते तिच्या हातात मावत नाहीत.

“तुम्ही तिला मुद्दाम जिंकू द्यायचात, मामंजी.”

“द्यायचो. पण आज तू देऊ नकोस. शो माग, पानं उघडायला लाव तिला.”

“तुम्ही येता का नागपूरला?”

“माझी ड्यूटी इथवरच,” ते म्हणतात आणि केतकीच्या पुढ्यातले दोन दाणे उचलून तोंडात टाकतात.

मालिनीबाईंना जाग येते. उजव्या हाताचा अंगठा तर्जनीवर घट्ट दाबलेला आहे. त्या तो सोडवतात. बोटावर नखाचा खोल, लालभडक वळ उठला आहे. त्याच बोटानं त्या फोन लावतात.

“केतकी, मी रात्रीच्या गाडीनं निघतेय.”

“कशाला, आई? मी खरंच छान आहे.”

“मग छान असलेली बघायला येते.”

पलीकडून नाक ओढल्याचा आवाज तेवढा येतो.

“किती दिवस राहशील?” केतकी विचारते.