पुढच्या नवमीचा घाव

दार मी वरवंट्याने फोडलं. मावशीच्या शेजारच्या शर्माबाईंचा फोन आला, "दीदी, आंटी दरवाज़ा नहीं खोल रहीं," तेव्हा मी इंदरगंजच्या चौकात ऑटोत अडकले होते आणि काय झालं असेल ते मला तिथेच कळलं. सिटी सेंटर भागात तिच्या तिसऱ्या मजल्यावरच्या घरी पोचले तर सगळे दारासमोर "कारपेंटर येतोय, कारपेंटर येतोय" करत उभे. शर्माबाईंच्या ओट्यावरचा वरवंटा उचलला आणि कडीच्या जागी घातला, पुन्हा घातला, फळी फुटेपर्यंत घालत राहिले. हाताची सालटी निघाली. आत सुशीलामावशी न्हाणीघराच्या उंबऱ्यात पडली होती. डोळे उघडे, भुवया ताणलेल्या... आत्ता कुणाला तरी झापणार असल्यासारख्या. मी ओरडले, "ऊठ! मंगळवारी दिल्लीला जायचंय आपल्याला!" लोक म्हणाले, बिचारीला धक्का बसलाय. धक्का कसला डोंबलाचा, मला राग आला होता. महिना उलटून गेला, अजून उतरलेला नाही.

सुशीला हे नाव तिला ठेवणाऱ्याला मी कधीतरी भेटणार आहे वर गेल्यावर. माझ्या आईची थोरली बहीण, मुलींच्या शाळेत पीटीची टीचर. लग्न केलं नाही, "माझा हात लगेच उठतो, नवरा किती दिवस टिकेल?" असं स्वतःच म्हणायची. ते खोटं नव्हतं. मी शाळेत असताना याच इंदरगंजच्या चौकात एका माणसाने माझी वेणी ओढली होती. मावशीने सायकल तशीच आडवी टाकली आणि पायातली चप्पल काढली. ती तुटली तेव्हा दुसऱ्या पायातली काढली. माणूस नाकातोंडातून रक्त गाळत "माताजी, माताजी" करत होता आणि ती मारता मारता मला म्हणत होती, "बघत काय उभी राहिलीस, तूही मार!" मी मारलं. पुढे वकील झाले, भांडण हाच धंदा झाला, त्याचं मूळ त्या दिवसात आहे असं मला वाटतं.

आमचे पूर्वज दक्षिणेतून मराठ्यांच्या फौजेबरोबर इकडे उत्तरेत आले आणि इथलेच झाले. त्या सगळ्यातून घरात उरली एक तलवार. मामा गेल्यावर ती पुण्याला त्याच्या मुलाकडे, अजितकडे जायला हवी होती, पण तो म्हणाला, आत्या, फ्लॅटमध्ये कुठे ठेवू. मग मावशीने ठेवली. दर खंडेनवमीला ती पूजेत मांडायची आणि देवीपुढे कोहळ्याचा बळी द्यायची. पूर्वी बकरा असे, त्याच्या जागी कोहळा. पदर खोचून, पाय रोवून, एकाच घावात दोन तुकडे. मग दोन्ही तुकड्यांना कुंकू फासायचं. फरशीवर लाल पाणी ओघळायचं आणि मावशीचा चेहरा असा खुलायचा, की बघणाऱ्याने दोन पावलं मागे सरावं.

यंदा राखीच्या सुमारास ती जिन्यात चक्कर येऊन कोसळली. कपाळ फुटलं. रक्त टॉवेलने बांधून बाईने आधी कुकर लावला आणि मग मला फोन केला! इथल्या डॉक्टरांनी तपासून सांगितलं, हृदयाची झडप आवळत चालली आहे, बदलावी लागेल, आणि ते काम दिल्लीलाच. दिल्लीचे डॉक्टर शांत, समजावून सांगणारे. छाती उघडून झडप बदलता येईल, किंवा मांडीच्या शिरेतून नळी घालून आत नवी बसवता येईल. या वयात दुसरा मार्ग सोपा. काहीच केलं नाही तर चक्कर पुन्हा येईल, आणि एखादीतून जाग येणार नाही. "घरी सोबत कोण असतं?" त्यांनी विचारलं. "मी असते ना!" मावशी म्हणाली.

मांडीतून शिरणं तिला मुळीच पटेना. "ही काय चोरवाट! कापायचं तर समोरून कापा." बरं, मग छाती उघडू या, मी म्हटलं. तेव्हा तिने डॉक्टरांना एकच विचारलं, तलवार कधी उचलता येईल? छातीचं हाड जुळेपर्यंत काही महिने भरलेली बादलीसुद्धा उचलायची नाही, ते म्हणाले. "मग नवमीनंतर बघू." थांबण्यात धोका आहे, असं त्यांनी पुन्हा पुन्हा सांगितलं. ही उठून चपला घालायला लागली. तिकडून अजितचा फोनवर फोन: आत्या, पुण्याला ये, इथे सगळं करू आणि मग इथेच राहा. तो मनापासून म्हणत होता. हिने त्याला सुनावलं, "तिथे मी कोपऱ्यातली म्हातारी होईन. इथे मला भाजीवालासुद्धा घाबरतो." त्या दिवशी मी तिच्याशी कडाकडा भांडले. "मरायचंय का तुला एका कोहळ्यासाठी?" असं ओरडले. तिने आमटीचं पातेलं भिंतीवर भिरकावलं. मीही वाटी फेकली. शर्माबाई धावत आल्या, आम्हा दोघींना बघून आल्या पावली परत गेल्या.

नवमीला मी गेले तेव्हा पूजा झाली होती, कोहळा पाटावर होता. मावशीने पदर खोचला, तलवार उचलली, खांद्यापर्यंत आणली... आणि हात तिथेच थांबला. ओठ निळसर झाले. मी धावले तर खेकसली, "मला धरू नकोस, हिला धर!" आणि मूठ माझ्या हातात कोंबली. "मार."

मी आयुष्यात तलवार धरली नव्हती. दोन महिन्यांचा संताप होता अंगात, तिच्यावरचा, तिच्या हट्टावरचा. दात ओठ खाऊन घाव घातला. तलवार अर्ध्यात रुतली, हलेना. मी म्हटलं, झालं, घात झाला, आता वर्ष वाईट. मावशी भिंतीला टेकून, धापा टाकत हसत सुटली. "अगं गाढवे, वर्षाचं काही नाही, तुझ्या मनगटाचं आहे. रागाने मारतेस म्हणून अडकते. मलाही आधी अडकायची. पुन्हा मार." तिसऱ्या घावाला कोहळा दुभंगला. कुंकू तिनेच फासलं, मग माझ्याही कपाळावर ओढलं.

हात पुसता पुसता म्हणाली, "डॉक्टरला फोन कर. मांडीतून तर मांडीतून." मी विचारलं, चोरवाट ना ती? "असू दे. पुढच्या नवमीला एका घावात हवाय मला. तुला शिकवायला मी राहायला पाहिजे की नाही?" तोवर तिने जगायचंय असं कधी म्हटलं नव्हतं. "राग कसा सोडायचा ते सांगते तुला, दिल्लीहून आल्यावर. आज दम नाही."

दिल्लीची तारीख मिळाली. तिने बॅग भरली, शर्माबाईंना तुळशीला पाणी घालायला सांगितलं. आणि त्या मंगळवारच्या आधीच्या शनिवारी मी इंदरगंजच्या चौकात ऑटोत अडकले...

तलवार आता शहराच्या लष्कर भागात माझ्या घरी आहे. कोर्टातून आले की कोहळा घेऊन गच्चीवर जाते. भाजीवाला विचारतो, "वकील साहब, रोज़ पेठा बनाती हो क्या?" कोहळ्याची मिठाई करते असं समजतो तर समजू दे, मी हो म्हणते. पदर खोचते, पाय रोवते, ती उभी राहायची तशी. जीव खाऊन घाव घालते, आणि तलवार रोज अर्ध्यात अडकते. राग कसा सोडायचा ते ती दिल्लीहून आल्यावर सांगणार होती.