न वाचलेलं संमतिपत्र

माझ्या बायकोला नोकरी लागली ती माझ्या सहीने. ही गोष्ट निम्म्या माजिवड्याला माहीत होती, फक्त मला माहीत नव्हती.

सही करणाऱ्यालाच माहीत नाही हे कसं, असं कोणी विचारील. म्हणून माझी सही काय चीज होती ते आधी सांगतो. आमच्या गावातला मी पहिला बी.ए. आमच्या घराण्याने पिढ्यान् पिढ्या मिठागरात मीठ ओढलं, खाडीकाठी भात लावला, आणि कागदाशी संबंध आला तो अंगठ्यापुरता. अशा घरात मी बी.ए. झालो! निकालाच्या दुसऱ्या दिवशी ठाण्याहून पाटी रंगवून आणली, 'पी. के. भोईर, बी.ए.' (पाटी जरा मोठी झाली. ती बसवायला चौकट तासावी लागली.) तेव्हापासून गावाने मला नावाने हाक मारणं सोडलं. म्हैस मेल्याचा अर्ज असो की विहिरीवरच्या भांडणाची तक्रार, लोक थेट ओटीवर येत. "बीए हाय का घरान?"

बीए असायचाच. फाउंटन पेनचं टोपण काढायचं, इंग्रजीत नाव लिहायचं, शेवटच्या अक्षराची शेपटी मागे नेऊन सगळ्या नावाखालून फिरवायची, तिच्याखाली दोन टिंबं आणि पुढे ठसठशीत पदवी! एका सहीला पाव मिनिट लागे. एवढी मेहनत सहीवर केल्यावर वरचा मजकूर वाचायला वेळ कुठला?

माझी बायको सुगंधा खडवलीची. फायनलची, म्हणजे सातवीची, परीक्षा पहिल्या नंबराने पास झालेली, लग्नाआधी तिथल्या शाळेत वर्षभर शिकवलेलं. लग्न झाल्यावर मी मोठ्या मनाने जाहीर केलं, "आता तुला कामाला जायची गरज नाही."

मला वाटलेलं, ती खूश होईल. ती म्हणाली, "गरज नाही, ते कळलं. पण जाऊ का?"

"छे! ग्रॅज्युएटची बायको नोकरीला जात नाही."

हा नियम मी कुठून आणला? ठाण्यात रेशनिंगच्या कचेरीत मी कारकून होतो. तिथल्या हेडक्लार्कांची बायको घरी बसून उशांच्या अभ्र्यांवर गुलाब भरायची. ते गुलाब एकदा मी पाहिलेले. शिकलेलं घर म्हणजे हेच, असं मनात पक्कं बसलं.

आई चुलीपाशी ऐकत होती. बाबा गेल्यावर हिनेच डोक्यावर मिठाच्या टोपल्या वाहून मला शिकवलेलं. ती म्हणाली, "मंग मी मिठागरावर काय नाचाया जात होते रं?"

"आई, ते वेगळं."

"काय येगलं? तुजी फी कोनी भरली? तुज्या हेडक्लार्काच्या बायकोनी?"

"तेव्हा आपण अडाणी होतो!"

"मी होते. तू आता झालास," आई म्हणाली आणि तिने मला भाकरी वाढली. (आमच्याकडे वाद असा संपतो. भाकरी खाणारा हरला.)

यानंतर महिनाभराने एका संध्याकाळी माझ्यापुढे सहीला पाच कागद आले. चार गावकऱ्यांचे होते, पाचवा सुगंधाने ठेवला. मी सपासप सह्या करत सुटलो. पाचव्याला ती म्हणाली, "हा वाचून करा हं."

"कशाबद्दल आहे?"

"शाळेबद्दल. वाचा तरी."

"अगं, ग्रॅज्युएट माणूस कागद वाचत नाही. नुसती नजर टाकली की त्याला कळतं!"

मी नजर टाकली. मला एवढंच कळलं, की अक्षर सुंदर आहे. सही ठोकली. तिने कागद उचलला आणि म्हणाली, "मी सांगितलं होतं हं, वाचा म्हणून."

तर तो कागद म्हणजे संमतिपत्र होतं. ठाण्याच्या मुलींच्या शाळेत शिक्षिकेची जागा निघालेली. सुगंधाने आईच्या सांगण्यावरून अर्ज टाकलेला, मुलाखत देऊन आलेली आणि निवडही झालेली! विवाहित बाईला नेमायचं तर नवऱ्याची लेखी संमती हवी, असा तेव्हा तिथला दस्तूर होता. ती संमती मी शेपटीसकट देऊन बसलो होतो. येत्या सोमवारी ती कामावर रुजू व्हायची होती. मला सांगायचं ते रविवारी रात्री, भरल्या पोटी, असं दोघींनी ठरवलेलं.

इकडे माझ्यावर वेगळाच प्रसंग गुदरला. सरकारने रेशनिंग उठवलं! लोकांनी एकमेकांना गूळ वाटला. आई म्हणाली, "आता पायजे तेवरा तांदूल!" आणि माझ्या हातावरही खडा ठेवला. मी तो चघळत उभा राहिलो. सगळं ठाणं आनंदात आणि मी एकटा सुतकात. कारण रेशनिंग उठलं म्हणजे रेशनिंगची कचेरी उठली, आणि कचेरी उठली म्हणजे मीही उठलो. महिनाअखेर कामावरून कमी करण्याची नोटीस माझ्या सदऱ्याच्या खिशात होती. घरी सांगायचं कसं? बी.ए.ची पाटी दारावर आणि बी.ए. ओटीवर!

नेमका तेव्हाच ठाण्यातल्या एका वाचनालयाने वादविवाद ठेवला. विषय होता, 'विवाहित स्त्रियांनी नोकरी करावी काय?' अध्यक्षस्थानी शाळांच्या तपासनीस बाई येणार, असं कळलं. माझ्या डोक्यात दिवा पेटला. आपण असं काही बोलावं, की बाईंनी जागच्या जागी विचारावं, 'कोण हो हे गृहस्थ? यांना आमच्या खात्यात घ्या!' मी 'करू नये' या बाजूने नाव दिलं. चार दिवस खाडीच्या बांधावर उभं राहून पाठांतर केलं. बगळ्यांनी ती बाजू सोडली.

शनिवारी संध्याकाळी आई आणि सुगंधाला टांग्यात घालून ठाण्याला गेलो. हट्टाने पहिल्या रांगेत बसवलं. आई आयुष्यात पहिल्यांदा सभेला आलेली. खुर्चीवर मांडी घालून बसली. तेवढ्यात अध्यक्षबाई आल्या आणि सुगंधाचा चेहरा पांढराफटक पडला. तिची मुलाखत घेणाऱ्या बाई त्याच होत्या!

"अहो," ती माझी बाही ओढत कुजबुजली, "तुम्ही आज बोलू नका."

"का?"

"त्या बाई बघा ना कोण आहेत..."

"बाई असल्या म्हणून काय झालं? मी सौम्य शब्दांत बोलीन, घाबरू नकोस."

"तसं नाही हो! तुम्ही परवा सही केलीत ना, त्यात..."

"सह्यांचं घरी बघू!"

घंटा वाजली. माझं नाव पुकारलं गेलं. मी चढलो.

स्वतःच्या तोंडाने सांगू नये, पण मी फर्डा बोललो! "स्त्री ही घरची लक्ष्मी. त्या लक्ष्मीला आपण मस्टरवर सही करायला लावणार काय?" टाळ्या. "नवरा दमून घरी येतो तो चूल थंड, आणि बायको पेपर तपासतेय!" हशा. एक टक्कल पडलेले गृहस्थ तर मांडीवर थाप मारून हसले. (ते अध्यक्षबाईंचे यजमान होते, हे मागाहून कळलं.) "पतीचा पगार तोच पत्नीचा पगार! तिला दुसरा हवा कशाला?" हे वाक्य म्हणताना छातीवर हात मारला, तर खिशातली नोटीस चुरचुरली. मी आवाज आणखी चढवला.

पहिल्या रांगेतून आईचा सवाल साऱ्या सभेला ऐकू गेला, "सुगंधे, ह्यो कोनाबद्दल बोलतंय?"

"आपल्याबद्दल."

"असं व्हय! मना वाटला हेडक्लार्काच्या बायकोबद्दल."

सभा हसली. मी बिथरलो आणि शेवट जो पाठ केला होता तो सोडून मनाचा केला. तिथेच घात झाला. बोट पुढे करून मी गरजलो, "लांब कशाला जाता? ही माझी पत्नी समोर बसली आहे. फायनल पास आहे. विचारा तिला, तिला नोकरी हवी आहे का!"

अध्यक्षबाईंनी चष्मा पुसला, लावला आणि सुगंधाकडे पाहिलं. मग माझ्याकडे. मग पायाशी ठेवलेल्या पिशवीतून कागदांची चळत काढली.

"भोईर, या तुमच्या पत्नी?"

"होय बाई." (मला वाटलं, माझ्या नेमणुकीचाच कागद काढतायत!)

"आणि ही सही तुमची?"

शेपटी, दोन टिंबं, पदवी. नाही म्हणायची सोयच नव्हती.

"सही माझीच. पण हे..."

"यात तुम्ही पत्नीच्या नोकरीला आनंदाने संमती दिली आहे. आणि आत्ता दोनशे माणसांपुढे विरोध केलात. यातलं खरं कोणतं? संमती नसेल तर सोमवारची नेमणूक मला रद्द करावी लागेल. दुसरी उमेदवार वाट बघते आहे."

मी सुगंधाकडे बघितलं. ती माझ्याकडे बघत नव्हती. पदराचं टोक बोटाला गुंडाळत होती, इतकं घट्ट की बोट पांढरं पडलेलं. एक बाई काहीच मागत नाही, नुसती बसून राहते, आणि त्यामुळे सव्वा पाच फुटी ग्रॅज्युएटला व्यासपीठ सोडून पळून जावंसं वाटतं, हा अनुभव मला नवा होता.

"तुम्ही वाचून सही केली होती ना?" बाईंनी विचारलं.

"वाचूनच!" मी म्हणालो. पदवी पणाला लागलेली होती.

"मग भाषण?"

आता माझ्यापुढे दोनच वाटा. भाषण खरं म्हणावं तर सुगंधाची नोकरी गेली. सही खरी म्हणावी तर माझी अब्रू गेली. खिशातली नोटीस पुन्हा चुरचुरली. म्हणजे अब्रू तशीही महिनाअखेरपर्यंतचीच होती!

"बाई," मी म्हणालो, "खरं सांगतो. सही न वाचता केली. भाषण मात्र नीट पाठ करून केलं. पण दोन्हीतलं एक ठेवायचं असेल तर सही ठेवा."

कोणीतरी मागून ओरडलं, "वा रे बीए!" (माजिवड्याचेही चारजण आलेले, हे मला तेव्हा कळलं.)

बाई हसल्या नाहीत. "न वाचलेली सही मला चालणार नाही. घ्या हा कागद. मोठ्याने वाचा आणि खाली पुन्हा सही करा."

आणि मग मी, वादविवादाच्या भर सभेत, विरोधी बाजूचा वक्ता, ते संमतिपत्र वाचू लागलो. "माझी पत्नी सौ. सुगंधा हिने शिक्षिकेची नोकरी करण्यास माझी पूर्ण व आनंदाची संमती आहे. तिच्या नोकरीमुळे घरकामात अडचण आल्यास मी तक्रार करणार नाही." इथवर ठीक होतं. पुढे वाक्य आलं, "तिचा पगार ती स्वतःच्या हाती घेईल व घरखर्चात किती घालायचा हे ती, मी व माझी आई मिळून ठरवू."

बाईंनी भुवया उंचावल्या. "हे शेवटचं आमच्या नमुन्यात नाही."

"त्यो मी घालाया सांगितला!" आई खुर्चीवर उभी राहिली. "बाईसाब, मीठ मी वाहिला आन् मजुरी घ्यायला दीर जायचा. दोन वर्सां गेली मना तो पैसा माज्या हातान घ्यायला. सुनेला तेवरी वर्सां घालवायची नाय."

त्यावर जी टाळी पडली, ती माझ्या सगळ्या टाळ्यांची बेरीज केली तरी भरणार नाही. त्या टाळीतच मी सही केली. घाईत शेपटी फिरवायचं राहून गेलं.

पहिलं बक्षीस मात्र मलाच मिळालं! अध्यक्षबाई म्हणाल्या, "वक्त्याचा स्वतःचाच विश्वास नसलेली बाजू इतक्या जोरात मांडणं सोपं नाही." त्यांचे यजमान खाली मान घालून बसलेले. आता ते मांडीला हात लावत नव्हते.

परतताना टांग्यात माझ्याने राहवेना. नोटीस काढून सुगंधाच्या हातात दिली. "माझी नोकरी जातेय."

"ठाऊक आहे," ती म्हणाली.

"काय?"

"तुजा सदरा कोन धुता रं?" आई म्हणाली. "सुगंधानी धुवायच्या आधी तो कागद मना वाचून दावला, मंग परत खिशान ठेवला."

"मग बोललात का नाही?"

"तुम्ही कधी सांगता ते बघत होतो," सुगंधा म्हणाली. "आणि माझी नेमणूक पक्की झाल्याशिवाय तुम्हाला धीर तरी कुठल्या तोंडाने देणार?"

मला रागवायचं होतं. पण छातीवरचा धोंडा एवढा चटकन उतरला, की रागाला आधारच उरला नाही. मी टांग्यातच झोपलो. माजिवडा येईपर्यंत घोरत होतो म्हणे.

सोमवारी सुगंधा शाळेत गेली. पुढे कल्याणच्या एका कचेरीत मला जागा मिळेपर्यंत सात महिने तिच्या पगारावर घर चाललं आणि सुरळीत चाललं. सुरळीत चालत नव्हतो तो मी. घरी बसून मी डाळीत पाणी किती याच्यावर आईला व्याख्यान देई, वह्या तपासणाऱ्या सुगंधाला निबंध कसा असावा ते समजावी, कोंबड्यांनासुद्धा शिस्त लावू पाहिली. कल्याणचा हुकूम आला त्या दिवशी दोघींनी देवापुढे नारळ फोडला. मला वाटलं, माझ्या पगारासाठी! आईने खुलासा केला, "पगार नाय दिला त्यांनी तरी जा, पोरा, पन रोज जा."

विवाहित स्त्रियांनी नोकरी करावी की नाही, यावर ठाण्यात अजूनही वाद होतात. विवाहित पुरुषांनी करावी की नाही, याचा निकाल मात्र आमच्या घरात सात महिन्यांत, एकमताने, लागलेला आहे!