काकांच्या चेहऱ्याची फाइल

दोन हजारनंतरच्या त्या वर्षांत कोल्हापुरात माझं डीटीपीचं छोटं दुकान होतं. शेजारच्या काकू दरवर्षी काकांच्या पुण्यतिथीला फ्लेक्स लावायच्या. काका शिरोलीच्या फौंड्रीत होते. पहिल्या वर्षी मी त्यांचा फोटो स्कॅन करून जेपेगमध्ये ठेवला. जेपेग फाइल लहान, फ्लॉपीत मावणारी. पण बदल करून ती पुन्हा सेव्ह केली की दर वेळी थोडा बारकावा जातो. मी मात्र दरवर्षी तीच फाइल उघडायचो, मागचा रंग बदलायचो आणि तिच्यावरच सेव्ह करायचो. चूक कळल्यावरही गप्प बसलो.

एका वर्षी काकू फ्लेक्सकडे बघत म्हणाल्या, "लई गुळगुळीत केलंस की रं ह्यास्नी! देवीचे वण कुठं गेले?"

"माझ्या हातनं गेले, काकू," म्हणालो आणि सगळं सांगून टाकलं.

"मग आधी सांगायचं न्हाईस व्हय, शाण्या? मला वाटलं, मीच त्यांचं तोंड इसराय लागलो."

 त्या घरी गेल्या आणि भिंतीवरची फ्रेम हारासकट घेऊन आल्या. या वेळी मी त्यातला फोटो नव्याने स्कॅन करून टिफमध्ये ठेवला. टिफ फाइल अवजड, पण सेव्ह करताना काही गमावत नाही. कॉम्प्युटर कुरकुरत होता. काकू स्टुलावर बसून पडद्यावर काका हळूहळू उमटताना बघत होत्या.

"वेळ लागंल, काकू."

"लागू दे की. गडबड कुणाला हाय?"