आबांच्या तांब्यावरचा डाग

आता काय सांगू तुम्हाला, ही चूक माझ्या वर्गातल्या एखाद्या पोरानं केली असती तर मी त्याला तास संपेपर्यंत बाकावर उभा केला असता! चहा घ्या, सांगतो. हसू आलं तर हसा, पण हळू. सुमन आत आहे.

नव्वदच्या दशकातली गोष्ट. कोल्हापुरात आमच्या घरी पहिला फ्रिज आला आणि माझ्या बायकोनं, सुमननं, त्यात पहिल्यांदा काय ठेवलं? पाण्यानं भरलेला पितळी तांब्या! तिच्या वडिलांनी लग्नात दिलेला. भांड्यावर नाव घालायची आपली पद्धत. पण बिद्रीकडच्या या शेतकरी माणसानं अक्षरं स्वतः काढून दिली आणि कारागिरानं तीच कोरली. 'चि. सुमनला, आबांकडून.' आबा आदल्या वर्षीच गेले होते. त्यांच्या हातचं अक्षर घरात तेवढंच.

दुपारी तांब्या टेबलावर ठेवला, आणि थोड्या वेळात खाली हे एवढं तळं!

"गळतोय," मी म्हणालो.

"आबांनी पारखून घेतलाय. गळंल कसा?"

"सुमन, विज्ञान कोण शिकवतं? तू का मी?"

"न्या मग. पर जपून, हां."

भांडी दुरुस्त करणाऱ्या म्हाताऱ्यानं तांब्यात नळाचं पाणी भरलं, बाहेरून पुसला, स्टुलावर ठेवला. आम्ही दोघं बघत बसलो. थेंब नाही!

"पावणं, ह्यात भोक न्हाय."

"बारीक असेल."

"घरात आतलं पाणी कमी हुतं काय?"

आता हे मी बघायला नको होतं? नव्हतं बघितलं! पण माघार कशी घ्यायची?

"अक्षरांवरूनच थेंब ओघळत होते. कोरताना पत्रा फुटलाय. तिथंच कथील वितळवून डाग द्या, भोक बुजवा."

"नाव जाईल की वो!"

"जाऊ दे. तांब्या तर वाचेल."

म्हाताऱ्यानं माझ्याकडं दोनदा बघितलं आणि कानस उचलली.

घरी सुमननं त्या डागावरून अंगठा फिरवला. तांब्या भरून फ्रिजमध्ये ठेवला, शेजारी सरबताची बाटली.

दुसऱ्या दिवशी तिनं दोन्ही टेबलावर मांडली. तांब्या पुन्हा ओलाचिंब, डागासकट. आणि बाटलीवरूनही पाणी ओघळतंय!

"ही काच बी फुटली व्हय?" तिनं विचारलं.

हवेतली वाफ थंड भांड्याला लागली की तिचं पाणी होतं. संघनन! त्याच वर्षी आठवीच्या वर्गात फळ्यावर चित्र काढून शिकवलं होतं मी. चित्रातसुद्धा तांब्याच काढला होता हो!

तसाच दुकानात पळालो. "डाग निघेल का?"

"कथिल निघंल," म्हातारा म्हणाला. "पर पितळ घासल्याबिगर ते धरत न्हाय. अक्षर कालच गेलं, पावणं."

तसाच घरी परतलो. सुमनची माफी मागितली. "ऱ्हाऊ दे," एवढंच म्हणाली. ती ओरडली असती तर बरं वाटलं असतं.

तांब्या अजून वापरात आहे. कुणी विचारतंच, "वैनी, हितं काय झालंय?"

सुमन पदरानं तांब्या पुसते. "आमच्या आबांचं अक्षर हुतं. ह्येंनी घालवलं."

पाहुणे माझ्याकडं बघतात. मग ती शांतपणे माझी ओळख करून देते.

"शाळेत विज्ञान शिकवत्यात."