साडूभाऊंचा समुद्रतळ

सर्व संबंधितांना अत्यंत गांभीर्याने कळवण्यात येते की, जगातल्या यच्चयावत महासागरांचा तळ सध्या देऊळगाव राजाला, माझ्या साडूभाऊंच्या ताब्यात आहे. समुद्र त्यांनी कधी पाहिलेला नाही. भूगोलाचे मास्तर होते. निवृत्त झाले, पण पृथ्वीच्या कवचाचे तुकडे सरकवणं काही सुटलं नाही. त्यांच्यापुढे पापड मोडायची सोय नाही. लगेच दोन तुकडे ताटात दूर सारून म्हणतात, "नख वाढते तितक्या हळू सरकतात हे. पण मधात आख्खा समुद्र मावते!" एका तेरवीच्या पंगतीत त्यांनी वरणभातावर भारताची आशियाशी टक्कर घडवली, हिमालय शेजाऱ्याच्या पानात गेला.

त्यांच्या पोरीचं आधीचं एक स्थळ असंच प्रशांत महासागरात बुडालेलं. म्हणून डोणगावचे पाहुणे पोरीला पाहायला आले, तेव्हा मेहुणीने दम भरला, "आज समुद्राचं नाव काढलं तं पाहा!" साडूभाऊ तोंड मिटून बसले. पण चुलीवरून दुधाचा वास आला आणि त्यांचा धीर सुटला. सांडशीत धरून त्यांनी दुधाचा गंजच बैठकीत आणला.

"पाहा पाव्हणे! मधात साय फाटली न? तिथून खालचं गरम वर येते, नवीन तळ तयार होते, पाण्याखाली डोंगरांची रांग उठते. अन् काठाले जुनी साय सुरकुतून खाली चालली, तिथं समुद्राचा सगळ्यात खोल खड्डा!"

"म्हंजे आज चहा नाही भेटत का?" मुलाचे वडील म्हणाले. मेहुणीने कपाळाला हात लावला. मध्यस्थ चपला शोधू लागला. तेवढ्यात, जिने मान खाली घालून गप्प बसायचं, ती पोरगीच आतल्या दारातून ओरडली, "बाबा, खाली गेलेल्या तळामुळं ज्वालामुखी पेटतात, ते राह्यलं न!"

आल्यापासून मुका बसलेला मुलगा खो खो हसत सुटला. त्याने सायीसकट चहा मागून घेतला आणि सोयरीक तिथेच जमली.

पाठवणीला सगळे रडले. साडूभाऊ मात्र कोरडे. गाडी हलली तरी त्यांचा हात काचेवरून निघेना. मांडव आणि गाडी यांच्यात बोटभर अंतर पडलं, मग वीतभर, मग हातभर. तेव्हा ते फेटा सावरत गाडीमागे धावले आणि सगळ्या वऱ्हाडासमोर ड्रायव्हरवर ओरडले, "हळू ने बे! नख वाढते तितक्या हळू!"