डाव्या पायाचा जोर

महाराष्ट्र राज्य झालं त्या वर्षी जनकाबाई सरकटे जन्मल्या. दोन वर्षांनी पोलिओ झाला. डावा पाय राहिला, त्यातला जोर गेला. बाराव्या वर्षी त्या भावाची सायकल चालवायला शिकल्या. डावा पाय पेडलला चिंधीने बांधायचा, तो नुसता फिरतो, दाबायचं उजव्याने. पुढची पन्नास वर्षं भावाच्या मळ्यातली भाजी त्यांनी अशीच अमडापूरच्या बाजारात नेली.

त्रेसष्टाव्या वर्षी उजवा गुडघा कुरकुरू लागला. चाळिशीतला भाचा सहदेव म्हणाला, "आत्या, आता बाजार मी करतो. तू घरी बस."

जनकाबाईंनी बॅटरीची सायकल घेतली. सहदेव बसला की ती चढावर पळायची. जनकाबाई बसल्या की मोटर गप्प.

"बघ आत्या, सायकलीत खोट नाही," सहदेव म्हणाला.

त्यांनी सहदेवला सायकल टेम्पोत घालायला लावली आणि चिखलीचं दुकान गाठलं. तिथले मिस्त्री भगवानराव यांनी समजावलं, "काकू, याच्यात सेन्सर हाय. पेडलवर किती जोर पडला थे मोजते, अन् त्या हिशेबानं मोटर चालवते. पायातच जोर नाही त मोटर काय करीन?"

"उजव्यात हाय ना जोर! थो काऊन नाही मोजत?"

"वय झालं आता तुमचं."

"वय राहू दे बाप्पा. तू बस. डावा पाय उचल अन् नुसत्या उजव्यानं हाण."

दुकानासमोरच्या चढावर भगवानराव दहा हात गेले आणि थांबले. मोटर गप्पच.

"आता तुह्याही पायाले पोलिओ झाला काय रे?"

शेजारचा चहावाला हसला. भगवानराव हसले नाहीत. त्यांनी पाने काढले. सेन्सर फक्त डाव्या बाजूचा दाब मोजणारा निघाला. उजवा पायही तेवढंच दाबत असेल, असं तो धरून चालायचा. त्यांनी तो काढला आणि लोहचुंबकाच्या चकतीचा साधा सेन्सर बसवला.

"याले जोर समजत नाही. पेडल फिरलं का मोटर सुरू. एकदम ओढन, ब्रेकवर हात ठेवा."

"पन्नास वर्षं तिथंच हाय हात."

सहदेवने टेम्पोचा फाळका उघडला. "आण आत्या, सायकल चढवतो."

"तू चढ टेम्पोत. घरी जाऊन बस."

त्यांनी डाव्या पायाची चिंधी आवळली आणि अमडापूरचा रस्ता धरला.